बालविकासाच्या अभ्यासक्रमात एक खरं मूल असू द्या

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि मानव विकास अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी तालुक्यात एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, २४ अंगणवाड्या येतात. त्यातल्या सात-आठ पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोचत नाही, चालत जावं लागतं. या नोकरीत येण्याआधी मी मानसशास्त्रात एम.ए. केलं. वैकासिक मानसशास्त्राच्या पेपरला मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या विकासाच्या अवस्था, पियाजेच्या चार, एरिक्सनच्या आठ, कोहलबर्गच्या सहा, सगळ्या क्रमाने आणि उदाहरणांसकट पाठ होत्या. बी.ए.ची तीन आणि एम.ए.ची दोन अशा पाच वर्षांत मी एकाही लहान मुलाजवळ विद्यार्थिनी म्हणून तासभर बसले नव्हते. बसावं असं मला कुणी सांगितलंही नव्हतं.

माझी मागणी एवढ्याच एका गोष्टीची आहे. बालविकास किंवा वैकासिक मानसशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने शैक्षणिक वर्षभर, आठवड्यातून एक तास, एकाच मुलाचं निरीक्षण करावं, ते मराठीत लिहावं, आणि त्याला श्रेयांक (क्रेडिट) असावेत. हे मी का मागते आहे ते सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, पण आपण ते शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आमच्या वेळी प्रात्यक्षिक कसं चालायचं ते आपल्याला माहीत आहे, कारण अनेक महाविद्यालयांत ते आजही तसंच चालतं. मुलर-लायरचा भ्रम (सारख्या लांबीच्या रेषा लहानमोठ्या दिसण्याचा), आरशात बघून चांदणी गिरवणं, निरर्थक शब्दांची यादी पाठ करणं. मी प्रयोगकर्ती, शेजारच्या बाकावरची मैत्रीण प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. पुढच्या तासाला उलट. आकडे जुळले नाहीत तर आदल्या वर्षीचं कुणाचं तरी जर्नल हाताशी असायचंच. मी आमच्या सरांना दोष देत नाही. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत धावणारा माणूस आणखी काय करणार होता? पण विकासाचा विषय आम्ही वीस-बावीस वर्षांच्या माणसांवर प्रयोग करून शिकलो, ही गोष्ट तेव्हा आमच्यापैकी कुणालाच खटकली नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पाड्यावर साडेचार वर्षांची एक मुलगी होती. मी गेले की ती सेविकाताईंच्या मागे उभी राहायची. मी चित्रांची कार्डं घेऊन बसले. हे काय? नळ. हे काय? छत्री. हे काय? टेबल. ती काहीच बोलली नाही. रंग विचारले, नाही. तुझं नाव काय, नाही. मी वहीत लिहिलं, ‘भाषाविकासात विलंब, बौद्धिक विकासाबाबत शंका.’ ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं होतं, कारण शिकलेल्या गोष्टीचा पहिल्यांदा उपयोग झाला होता. सेविकाताई शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुम्ही जरा तिच्या अंगणात चला.”

आम्ही गेलो. मार्च संपत आला होता, मोहाची फुलं पडत होती. ती पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फुलं वेचत होती आणि वाटेत आडव्या आलेल्या कोंबडीला वारलीत काहीतरी सुनावत होती. भाऊ खाली उतरला की त्याच्या मुठीत ती एकच फूल द्यायची, तो ते टोपलीत टाकायचा, मग दुसरं. त्याने फूल तोंडात घातलं तर हात धरून परत टोपलीकडे न्यायची. आपल्या पुस्तकात ज्याला ‘निकट विकास क्षेत्र’ म्हणतात, मुलाला एकट्याने जमत नाही पण जाणत्याच्या मदतीने जमतं तो टप्पा, तो ही साडेचार वर्षांची मुलगी दीड वर्षांच्या भावाबरोबर हाताळत होती. ही कल्पना मांडणाऱ्या व्यगोत्स्कीवर मी दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. ती काय करते आहे ते मात्र मला लगेच दिसलं नाही. आणि नळाचं म्हणाल, तर त्या पाड्यावर नळ नव्हताच, हापसा होता.

मी वहीतलं ते वाक्य खोडलं. पण आजवर अशी किती वाक्यं किती वह्यांत तशीच राहून गेली असतील, हा विचार मला सोडत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. वेगळ्या पाड्यावर एक मुलगा होता. गोरापान, हसरा, सगळ्यांचा लाडका. वजन व्यवस्थित, उंची व्यवस्थित, तो कधी सॅम-मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या, यादीत आला नाही. आमच्या नोंदींमध्ये जे मोजलं जातं त्यात तो नेहमी हिरव्या पट्ट्यात. बोलत नव्हता, पण घरचे म्हणायचे याचा मामाही उशिरा बोलला. तिथल्या सेविका दहावी शिकलेल्या. तो दोन वर्षांचा असताना त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, “मी भांडं आपटलं तरी हा वळत नाही. पण मी समोर आले की लगेच हसतो.” मी ऐकलं आणि पुढच्या अंगणवाडीला निघून गेले. अहवालाचे दिवस होते.

पाच वर्षांचा झाल्यावर शाळेत नाव घालताना गुरुजींच्या लक्षात आलं. जिल्हा रुग्णालयात नेलं, बेरा (श्रवणाची) तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं. आता त्याला कानाचं मशीन आहे, खुणांनी बोलतो, चित्रं सुरेख काढतो. पण भाषेसाठी सर्वांत मोलाची ती पहिली वर्षं निघून गेली होती, आणि ती परत येत नाहीत हे मला पेपरात लिहिता येत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्यात जन्मजात दोष आणि विकासातला विलंब तपासायचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. यंत्रणा होती. त्या बाईंचं निरीक्षणही अचूक होतं. श्रवणदोषाचं इतकं नेमकं वर्णन मी परीक्षेत लिहिलं नसतं. ते ऐकून थांबणारं माणूस नव्हतं, आणि ते माणूस म्हणजे मी होते. मानसशास्त्राची द्विपदवीधर.

मला ऐकायला का आलं नाही, याचा मी बरीच वर्षं विचार केला. मला शिकवलं गेलं होतं की ज्ञान पुस्तकाकडून मुलाकडे जातं. आधी सिद्धांत, मग त्याचं उदाहरण म्हणून मूल. त्यामुळे पुस्तकात ज्याचं नाव आहे तेवढंच दिसायचं. भांडं आपटल्यावर न वळणारी मान कुठल्या अवस्थेत बसते ते मला चटकन आठवलं नाही, म्हणून ती मला दिसलीच नाही.

पुढे वाचत गेले तेव्हा मला एका गोष्टीचं फार आश्चर्य वाटलं. आपण ज्यांचे सिद्धांत पाठ करून घेतो, त्यांनी स्वतः हा विषय मुलांजवळ बसून शिकला होता. डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या आणि त्या १८७७ साली प्रसिद्ध केल्या. पियाजेने जॅकलीन, ल्युसियेन आणि लॉरां या आपल्या तीन मुलांची पाळण्यातली हालचालसुद्धा टिपून ठेवली. वस्तू-स्थायित्वाची, म्हणजे नजरेआड गेलेली वस्तूही असतेच हे मुलाला कळण्याची, कल्पना त्या नोंदींतून उभी राहिली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत एस्थर बिक यांनी १९४८ पासून बालमानसोपचार शिकणाऱ्यांसाठी एक पद्धत घातली. विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक तास एका तान्ह्या बाळाच्या घरी जायचं, जन्मापासून दोन वर्षांपर्यंत. तिथे काही लिहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं. घरी येऊन आठवेल तेवढं लिहायचं आणि छोट्या गटात वाचून दाखवायचं. हे शिक्षण आजही तसंच दिलं जातं.

आई-मुलाच्या बंधाचा अभ्यास करणाऱ्या मेरी एन्सवर्थचं उदाहरण तर आपल्या सर्व प्रश्नपत्रिकांत असतं. अपरिचित परिस्थितीचा प्रयोग, सुमारे वीस मिनिटांचा. आई बाहेर जाते, परकी बाई आत येते, मूल काय करतं ते बघायचं आणि त्याच्या बंधाचा प्रकार ठरवायचा. एवढं आम्ही लिहीत असू. त्या वीस मिनिटांच्या मागे काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. बाल्टिमोरमध्ये या प्रयोगाआधी वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी सुमारे चार तास निरीक्षक त्या घरांत बसून होते. त्याही आधी, १९५४-५५ मध्ये, एन्सवर्थ युगांडात खेड्यांतल्या २६ कुटुंबांकडे जात होत्या, दुभाषी बरोबर घेऊन, महिनोन्‌महिने. वीस मिनिटांचा प्रयोग म्हणजे त्या शेकडो तासांचं टोक. आम्ही टोक शिकलो आणि खालचा डोंगर वगळला.

इथे एका शब्दाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एन्सवर्थ आणि बोल्बी ज्या बंधाबद्दल बोलतात त्याला आमच्या मराठी क्रमिक पुस्तकात ‘आसक्ती’ म्हटलं होतं. सुरक्षित आसक्ती, असुरक्षित आसक्ती. आसक्ती हा शब्द मराठी माणसाच्या कानावर कुठून येतो? कीर्तनातून, प्रवचनातून. आसक्ती सोडावी, आसक्तीने माणूस बांधला जातो. आणि आम्ही ती आठ महिन्यांच्या बाळाला लावत होतो! आमच्या घरी, माझ्या आजीकडे, पाड्यावरच्या मराठी बोलणाऱ्या बायांकडे यासाठी शब्द होता, ‘लळा’. लळा लागतो, लळा लावावा लागतो. त्यात दोन्ही बाजू आहेत. मुलाला लळा लागतो, आणि मोठ्या माणसाने तो वागण्यातून लावलेला असतो. कुणाचाही लागू शकतो. आजीचा, आत्याचा, शेजारच्या काकूचा, थोरल्या बहिणीचा. पाश्चात्त्य अभ्यासकांना पुढे बरंच संशोधन करून मान्य करावं लागलं की मूल एकाहून अधिक माणसांशी असा बंध जोडतं. आपल्या शब्दात ते आधीपासूनच आहे.

असे किती शब्द आहेत! मूल ‘माणूस ओळखायला लागलं’, परक्याला ‘बुजतं’ आहे. ‘पालथं पडलं’, ‘धरून उभं राहिलं’, ‘पाऊल टाकलं’. बुवा-कूक खेळताना पदराआडचा चेहरा परत येणार हे त्याला कळायला लागलं आहे. प्रत्येक आजीला हा क्रम माहीत असतो. आमच्या उत्तरपत्रिकांत मात्र ‘कारक विकास’ (म्हणजे हालचालींची वाढ), ‘अपरिचित-भय’, ‘वस्तू-स्थायित्व’. परिभाषा हवीच, ती मला नको आहे असं नाही. पण परिभाषेखालचा जिवंत शब्द विद्यार्थ्याला ठाऊक नसेल तर तो आईशी बोलणार कसा? मी पहिल्या वर्षी एका आईला विचारलं होतं, “बाळाचा सूक्ष्म कारक विकास कसा आहे?” ती बिचारी म्हणाली, “औषध दिलंय ताई.”

जे पुस्तकात असतं ते सगळीकडे तसंच असतं असंही नाही. एक मूल रांगलं नाही म्हणून मी त्याच्या आईला काळजीत टाकलं होतं. ते दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायचं, जमीन ओबडधोबड, चूल उघडी, विंचवाची भीती. ते एके दिवशी उठून भिंतीला धरून चालायलाच लागलं. नंतर मला कळलं की जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यात सुमारे ४.३ टक्के निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती, आणि आधाराशिवाय चालू लागण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं. आम्हाला शिकवलं होतं, ‘मूल बाराव्या महिन्यात चालते.’ एका ओळीत, पूर्णविरामासकट. सरासरी आणि पल्ला यांतला फरक दोन मुलं शेजारी बसवून बघितली तर एका दुपारी कळतो.

२०१० मध्ये तीन संशोधकांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या नामवंत नियतकालिकांत अभ्यासली गेलेली ९६ टक्के माणसं अशा देशांतली आहेत जिथे जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे वारली मूल त्या पुस्तकात नाहीच. लातूरचं नाही, गडचिरोलीचंही नाही. हे दुरुस्त करायला अमेरिकेतून कुणी येणार नाही.

आणि हे काम आपल्याकडे कुणी केलंच नाही असंही नाही, ते आम्हाला शिकवलं गेलं नाही एवढंच. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचं रूपांतर मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी केलं. नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन यांनी वेश्लरच्या चाचणीचं भारतीय रूप सिद्ध केलं. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी तान्ह्या मुलांच्या विकासाची मोजपट्टी भारतीय मुलांवर बेतली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत, ६७ कारक आणि १६३ मानसिक बाबी. आज अनेक रुग्णालयांत बाळाची तपासणी त्या मोजपट्टीने होते. बिने, वेश्लर, बेली ही नावं मला परीक्षेत आली. कामत, मालिन, फाटक ही नावं मला नोकरी लागल्यावर एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडून कळली. कामतांच्या चाचणीचे निकष आता जुने झाले आहेत, ते बदलायला हवेत, हेही त्याच बोलल्या. नवे निकष कोण तयार करणार? ज्याने कधी मूलच पाहिलं नाही तो विद्यार्थी?

माझं कार्यालय कोसबाडपासून फार लांब नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, बरोबर अनुताई वाघ. त्यांनी बालवाडी काढली आणि वारली मुलं आलीच नाहीत. लहान भावंडं सांभाळायची होती, गुरं राखायची होती. मग त्यांनी बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. शंख, शिंपले, बिया, खडे हेच साहित्य. आज देशभर ज्या नावाने अंगणवाडी चालते ते नाव आणि ती कल्पना अशी बघण्यातून जन्माला आली: मूल कुठे आहे, त्याच्या कडेवर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने ३३ प्रकल्पांनी जी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तिच्या आपल्या राज्यात आज एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. बालविकास शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून मोठी, याहून जवळची प्रयोगशाळा जगात कुठे असेल? महाविद्यालयाच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर एखादी अंगणवाडी असते. आमच्या वर्गातलं कुणी तिथे कधी गेलं नाही.

गृहविज्ञानाच्या काही महाविद्यालयांचं मी इथे आदराने नाव घेते. त्यांच्याकडे मानव विकास विभागाला जोडून बालवाडी असते, विद्यार्थिनी तिथे तास घालवतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चेतन बालवाडी अशीच विभागाशी जोडलेली आहे. म्हणजे हे जमतं. कला शाखेतून मानसशास्त्र शिकणाऱ्यांच्या वाट्याला ते येत नाही, आणि संख्येने तेच जास्त आहेत.

आता आपल्याकडून येणाऱ्या अडचणी. मला त्या कळतात.

श्रेयांक कुठून आणायचे? नवीन शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांसाठी श्रेयांक राखून ठेवलेलेच आहेत. सध्या अनेक ठिकाणी ते प्रश्नावली भरून घेणं, फेरी काढणं, फोटो जोडणं यांत संपतात. आमच्याकडेही विद्यार्थी येतात. अर्धा तास थांबतात, सेविकेबरोबर फोटो काढतात, सही-शिक्का घेतात आणि जातात. तेच श्रेयांक एका मुलाला द्या. नवीन काही मंजूर करून आणावं लागणार नाही. त्याच धोरणात लिहिलं आहे की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो, आणि तीन ते आठ हा पायाभूत स्तर आहे. हे वाक्य आपण विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. ती सहा वर्षं त्यांना एकदा प्रत्यक्ष बघू द्या.

विद्यार्थी शंभर-सव्वाशे असतात, हेही खरं आहे. प्रथम वर्षापासून सगळ्यांना लावू नका. मानसशास्त्र मुख्य विषय घेतलेल्या तिसऱ्या वर्षाला आणि एम.ए.ला लावा. पाच-सहा जणांचे गट, आठवड्याला एक बैठक, एकाने आपली नोंद वाचायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मार्गदर्शकाचं काम एकच: ‘हे तू पाहिलंस की तुला वाटलं?’ हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं. ‘तो चिडला’ असं लिहिणारा विद्यार्थी तीन महिन्यांत ‘त्याने गोटी फेकली, दाराकडे बघितलं, मग आईच्या पदराचं टोक तोंडात घातलं’ असं लिहायला लागतो. माझ्या बीटमधल्या चार सेविकांबरोबर मी हे करून पाहिलं आहे. त्यांना जमलं, पदवीच्या विद्यार्थ्यांना का नाही जमणार?

मुलांच्या खासगीपणाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याबाबत मी कडक आहे. आईबापांची परवानगी, तीही त्यांना कळेल अशा भाषेत विचारून. वहीत मुलाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. फोटो नाही, मोबाइल पिशवीत. निदान करायचं नाही, शिक्का मारायचा नाही, बुद्ध्यंक काढायचा नाही. काही काळजीचं दिसलं तर सेविकेला आणि मार्गदर्शकाला सांगायचं, आईला घाबरवायचं नाही. आणि वर्ष संपल्यावर न सांगता गायब व्हायचं नाही. मुलाला लळा लागलेला असतो. निरोप घेणं हाही अभ्यासाचा भाग असावा.

भाषेबद्दल माझा आग्रह आहे. नोंद मराठीत असावी, किंवा त्या मुलाच्या घरच्या भाषेत, विद्यार्थ्याला ती येत असेल तर. वारली, कातकरी, भिल्ल, गोंड, कोरकू घरांतून आलेली मुलंमुली आता महाविद्यालयात आहेत. त्यांना वर्गात आपली भाषा लपवावी लागते. या एका कामात ती त्यांची सर्वांत मोठी पात्रता ठरेल. शहरातून आलेल्या मुलाला जे वर्षभर बसून उमगेल ते त्यांच्या कानाला पहिल्या दिवशी कळेल. दहा वर्षांत आपल्याकडे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातल्या मुलांच्या हजारो वह्या जमतील. मुलं पालथी कधी पडतात, पहिले शब्द कोणते बोलतात, कुणाच्या कडेवर वाढतात, काय खेळतात. त्यातून कामतांच्या पुढचं काम करणारं कुणी निघेल.

सेविकांना मात्र फुकटात वापरू नका. त्यांच्याकडे पोषण आहार आहे, वजनं आहेत, मोबाइलवरच्या नोंदी आहेत, लसीकरण आहे, निवडणुकीची कामं आहेत. विद्यार्थी त्यांच्याकडे शिकणार असतील तर त्यांना विद्यापीठाकडून मार्गदर्शक म्हणून मानधन आणि पत्र मिळालं पाहिजे. भांडं आपटून बघणाऱ्या त्या बाई कुठल्याही व्याख्यानमालेत बोलायला योग्य होत्या. त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्या मुलाबद्दल माझ्याकडे एक शब्दही त्या कधी बोलल्या नाहीत.

परीक्षेचं म्हणाल तर, वहीलाच गुण द्या. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याला समोर बसवून दहा मिनिटं विचारा, की जूनमध्ये हे मूल काय करायचं आणि मार्चमध्ये काय करतं, आणि मधे तुझा कुठला अंदाज चुकला. ज्याने पाहिलं आहे त्याला थांबवावं लागेल. ज्याने जर्नल उतरवलं आहे त्याला पहिल्या मिनिटात घाम फुटेल.

माझ्या वरिष्ठांची परवानगी घेऊन मी एक प्रस्ताव ठेवते आहे. या जूनपासून माझ्या बीटमधल्या सहा अंगणवाड्या जवळच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या सहा विद्यार्थ्यांसाठी उघड्या आहेत. सहाही सेविकांशी बोलून झालं आहे, त्या तयार आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यायला हवं, कारण भातलावणी सुरू झाली की आया शेतावर असतात आणि घरी बोलायला कुणी मिळत नाही. दिवाळीनंतर काही घरं वीटभट्टीवर निघून जातात, मुलांसकट, ती थेट होळीला परततात. ज्याच्या वाट्याला असं मूल येईल त्याने मधले महिने दुसरं मूल घ्यायचं नाही. भट्टीचा पत्ता सेविकेकडे असतो. एसटी जाते तिथे.

आपली विश्वासू,
एक मुख्यसेविका
पालघर जिल्हा